चूमच्या मागची रेघ

पापाकोच्या हातात काही असेल तर ते मागायचं नाही, हे आमच्या तांड्यात कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. मागितलं की तो खिदळत पळायचा, आणि धरायला गेलं की हातातली वस्तू जोरात भिरकावून द्यायचा. बर्फ वितळायला लागलं तेव्हा त्याने माझा चष्मा असाच नदीत घालवला. चार वर्षांच्या मुलावर रागावणार तरी किती? मी पेटीतला जुना चष्मा काढला. त्याच्या एका काचेला चीर आहे. पुढे सांगणार आहे ते सगळं मी त्या चिरेतूनच पाहिलं.

मी निवासी शाळेतली शिक्षिका. निवृत्त झाल्यावर टुंड्रात परत आले आणि माझा भाचा म्यूसेना याच्या तांड्याबरोबर फिरू लागले. मुलं सात वर्षांची झाली की हेलिकॉप्टर येऊन त्यांना शाळेत घेऊन जातं, आणि तिथला पहिला महिना उशीत तोंड खुपसून रडण्यात जातो. ते रडणं थोडं कमी व्हावं म्हणून मी लहानांना आधीच अक्षरं आणि थोडी रशियन भाषा शिकवून ठेवते. पाटी म्हणजे नदीकाठची ओली वाळू. मुलं मला हादा म्हणतात, म्हणजे आजी. त्या उन्हाळ्यात माझ्या वर्गात म्यूसेनाची दोन मुलंच होती: पापाको, आणि सुट्टीला घरी आलेली त्याची नऊ वर्षांची बहीण माइम्बा. तिला वाटायचं की ती आता विद्यार्थीण नसून माझी मदतनीस आहे. मीही तसंच वाटू देत होते.

सूर्य मावळायचा थांबला की आम्ही समुद्राकडे निघतो. उशीर करून चालत नाही. डास आणि गोमाश्या उठल्या की हरणं चरणं सोडून गोल गोल धावत सुटतात आणि पाडसं पायाखाली जातात. समुद्राचा वारा लागला तरच कळप वाचतो. वाट आजोबा-पणजोबांपासूनची, तिवतेय टोकाला जाणारी. त्या टोकावर पूर्वी हवामान बघणाऱ्यांची एक पत्र्याची खोली होती. तिथला दाढीवाला माणूस आमच्याकडून मासे घ्यायचा आणि रेडिओसाठी बॅटऱ्या द्यायचा. मग एका उन्हाळ्यात खोलीच्या जागी मोठ्या अंड्यांसारखे पांढरे घुमट दिसले. पुढच्या उन्हाळ्यात विमानांची धावपट्टी. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात राखाडी जहाजं आणि तारांचं कुंपण. आम्ही दरवर्षी त्याच वाटेने जात होतो, आणि लष्कराचा तो तळ दरवर्षी आमच्या दिशेने थोडा पुढे आलेला असायचा.

या वर्षी तर आम्ही नदीपाशी पोचायच्या आतच पट्ट्यांवर चालणारी एक लष्करी गाडी आडवी आली. तिच्यातून एक तरुण अधिकारी उतरला. नाक उन्हाने सोललेलं, कानामागे डासांनी फोडून काढलेलं.

"आजीबाई, तुम्हाला रशियन येतं?"

"येतं. तुमच्यासारख्या पोरांना जन्मभर तेच शिकवलंय."

तो जरा हसला आणि पुन्हा गंभीर झाला. "नदीपलीकडे आम्ही लाल फडक्यांच्या काठ्या रोवल्यात. काठ्या आणि नदी यांच्या मधून जा. सराव सध्या बंद आहे, तेवढ्यात पार व्हा. आणि जमिनीवर काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका. आम्हाला कळवा."

"काय पडलेलं?"

"काहीही."

"दिसायला कसं असतं ते?"

तो बुटांकडे पाहू लागला. "ते मला सांगता येणार नाही."

"ठाऊक नाही, की सांगायचं नाही?"

"सांगायचं नाही."

"अरे बाळा," मी म्हटलं, "मी मुलांना शिकवते. अमुक वस्तूला हात लावू नका म्हणायचं, तर ती वस्तू आधी वाळूत काढून दाखवावी लागते."

"आत्या, पुरे," म्यूसेना आमच्या भाषेत हळूच म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं. गेल्या शरदात शेजारच्या तांड्यातल्या एकाने त्या घुमटांचा फोटो काढला होता. त्याला शहरात नेलं, फोन काढून घेतला, आणि बऱ्याच दिवसांनी सोडलं. आल्यापासून तो माणूस कुणाच्या चूममध्ये, म्हणजे आमच्या कातड्याच्या तंबूत, चहाला जात नाही. म्हणून मीही गप्प बसले. गाडी वळून गेली. तिच्या पट्ट्यांनी उकरलेल्या शेवाळात पाणी भरत राहिलं.

आम्ही नदी ओलांडली. लाल काठ्या कुठेच दिसल्या नाहीत. बर्फ वितळून आलेल्या पुराने त्या कधीच वाहून नेल्या असणार. म्यूसेनाने भुवयांवर हात धरून खूप वेळ पाहिलं.

"आता?" त्याची बायको सावने म्हणाली.

"आता काय! रेघ होती, पण ती पाण्याने पुसली. आजोबांच्या वाटेने जाऊ," तो म्हणाला, आणि त्या दिवसापुरता आम्ही तिथेच चूम उभारला. हरणं थकली होती. म्यूसेना कळप घेऊन उतारावर गेला. सावने सरपणासाठी खुरटी झुडपं तोडायला लागली. मी मुलांना बजावलं, "दगडांखेरीज कशालाही हात लावायचा नाही."

दगडांखेरीज, असं म्हणावंच लागलं. आमच्याकडे मुलांचा खेळ एकच: तांडा तांडा. दगड म्हणजे हरणं. काटक्यांचा चूम. बदकाची चोच हे बाहुलीचं डोकं आणि चिंध्या हे तिचं अंग. दगड नसतील तर कळप कुठून आणणार?

खेळातल्या चूमलाही खऱ्या चूमचेच नियम. दाराच्या बरोबर समोर, मागच्या बाजूला बाहेर, देवांची स्लेज, म्हणजे हरणांनी ओढायची घसरगाडी, उभी करायची. चुलीपासून त्या स्लेजकडे एक न दिसणारी रेघ जाते. ती बाईने ओलांडायची नाही, आणि चूमला मागून वळसाही घालायचा नाही. देवांना खाऊ घालणं पुरुषांचं काम. आणि टुंड्रात एखादा वेगळ्याच आकाराचा दगड किंवा लाकूड सापडलं, तर ते कुणीतरी आपल्यासाठीच ठेवलंय असं समजून त्या स्लेजवर ठेवायचं. म्यूसेनाकडे असा एक दगड आहे, अगदी सीलच्या डोक्यासारखा. त्याच्या तोंडाला तो दर उन्हाळ्यात चरबी लावतो. मुलांनी ते पाहिलेलं होतं.

वारा पडला तेव्हा मी धड्यासाठी मुलांना हाक मारायला निघाले. ती चूमपासून थोड्या अंतरावर वाळूच्या उंचवट्याकडे खेळत होती. हवेत डासांचा गुणगुणाट नुकता सुरू झाला होता. माइम्बा मला पाहून पुढे आली आणि तिने दोन्ही हात आडवे केले.

"हादा, इकडून नाही! दारातून ये. मागे देवांची स्लेज आहे."

"अगं हो, चुकलेच," मी म्हटलं आणि वळले. वळताना माझी नजर मागच्या बाजूला गेली.

पापाको तिथे मांडी घालून बसला होता. त्याच्या मांडीवर, त्याच्या हाताएवढी लांब, फुगीर पोटाची, हिरवी लोखंडी वस्तू होती. मागे माशाच्या शेपटीसारखे पंख. पुढे पितळी टोपी. त्याने टोपीला आटवलेलं गोड दूध फासलं होतं, आणि एका दगडाने तो त्या टोपीवर टकटक करत होता.

"तोंड उघड," तो म्हणत होता. "उघड ना. गोड आहे."

माझ्या चष्म्याच्या चिरेत तो मला दोन तुकड्यांत दिसत होता. मी मान हलवून त्याला एका तुकड्यात आणायचा प्रयत्न केला, एवढं आठवतं. त्या अधिकाऱ्याने सांगितलं नव्हतं ते माझ्यासमोर होतं.

"छान आहे ना देव?" माइम्बा माझ्या कानाशी कुजबुजली. "मला सापडला. पण मी स्लेजवर ठेवल्यापासून हात नाही लावला हं. मी घरातली बाई आहे ना. पापाकोच बघतो त्याचं."

टक. टक.

ओरडले असते तर तो उठून पळाला असता. धावत गेले असते तर त्याने ते भिरकावलं असतं. दुरून सावने येताना दिसली, पाठीवर सरपणाचा भारा. ती आई होती. तिने पाहिलं असतं तर ती ओरडलीच असती.

मी माइम्बाचा खांदा दाबला. "बाळा, आईकडे जा. तिला सांग, हादाने तिथेच थांबायला सांगितलंय. भारा खाली ठेवायचा नाही, हाक मारायची नाही. तू तिचा हात धरून उभी राहा. खेळ आहे हा. धावायचं नाही."

"कसला खेळ?"

"पाहुण्याचा."

माइम्बाने माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज मला नेहमीसारखाच वाटला होता, पण तिचा चेहरा बदलला. ती गेली. एक एक पाऊल मोजल्यासारखी हळू गेली.

मी कमरेचा पट्टा सोडला. तीन-चार दगड उचलायला वाकले आणि हात मधेच थांबला. आधी प्रत्येक दगडाकडे नीट पाहिलं. मग ते पट्ट्याला टेकवून ठेवले, जणू हरणं जुंपली आहेत. खेळातल्या चूमच्या दारासमोर, आम्ही मोठी माणसं स्लेज थांबवतो तेवढ्या अंतरावर, मी गुडघ्यांवर बसले आणि घोगरा आवाज काढला.

"ओ घरवाले! आहे का कुणी घरात?"

टकटक थांबली.

"कोण ए?" पापाकोने विचारलं.

"पाहुणा आलोय. लांबून आलोय. दोन दिवस पोटात काही नाही."

"तू हादा आहेस."

"हादा? कुठली हादा? मी म्हातारा शिकारी. तुमची ती हादा तिकडे चूममध्ये घोरत पडली असेल."

तो खुदकन हसला. दगड अजून त्याच्या हातात होता. "तुझं नाव काय?"

"आधी माझी हरणं सोड, मग नाव विचार. घरमालक कोण आहे इथे? पाहुणा आला तर हरणं कोण सोडतं?"

आमच्याकडे यात चूक होत नाही. पाहुण्याची स्लेज आली की घरमालक हातातलं काम टाकून बाहेर येतो आणि त्याची हरणं सोडायला मदत करतो. मग चहा. त्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. पापाकोने हे बापाला करताना किती वेळा पाहिलं असेल.

"मी मालक," तो म्हणाला. "पण थांब. देव जेवतोय."

टक.

"जेवला की तो!" मी म्हटलं. "बघ, तोंडाला दूध लागलंय. पोट केवढं फुगलंय त्याचं. आता त्याला झोप आली असेल."

पापाकोने वाकून त्याच्याकडे पाहिलं. "झोप आली?"

"मग! जेवल्यावर तुला नाही येत?"

"मला नाही येत."

"तुला नाही येत हे सगळ्या टुंड्राला माहीत आहे. त्याला येते."

तो विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. "मी आणतो तुला दाखवायला!" आणि त्याने ते दोन्ही हातांनी छातीशी उचललं.

ते जड होतं. तो उठताना डुगडुगला. माझ्या मागे, दूर, सावनेच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि तिथेच दाबला गेला. मी वळून पाहिलं नाही.

"अरे अरे! घरमालक! पाहुण्याला कुणी देव दाखवतं का? तुझा बाबा दाखवतो?"

तो अर्धवट उभा राहिला. "नाही."

"मग? परक्या माणसासमोर देव बाहेर काढत नाहीत. जागेवर निजव त्याला. हळू. झोपलेल्याला ठेवतात तसं हळू. आई तुला कसं निजवते?"

तो खाली बसला. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच मुलांना बऱ्याच गोष्टी करताना बघत थांबले आहे. बुटाची नाडी बांधताना, पहिलं अक्षर गिरवताना. हात पुढे करायचा नाही, घाई करायची नाही, हे मला येतं. पण त्या वेळी माझे हात मला मांडीखाली दाबून ठेवावे लागले.

पापाकोने ती वस्तू फळकुटाच्या स्लेजवर ठेवली. तिचे पंख लाकडावर घासले. मग त्याने स्वतःची टोपी काढली आणि त्या पितळी तोंडावर पांघरली.

"झोपला," तो कुजबुजला.

"शाब्बास. आता हरणं सोड बाबा, पाय दुखले त्यांचे."

तो आला. रेघेवरून, चुलीवरून, दारातून. माझ्यासमोर बसून तो पहिला दगड सोडवायला लागला, बापासारखी ओठाला घडी घालून. मी त्याला उचललं. असं उचललं की त्याची हाडं दुखली असतील. तो किंचाळला, "माझी हरणं! देवाची टोपी!" आणि मला बुक्के मारत राहिला. मी पळाले. इतकी वर्षं मी पळाले नव्हते.

सावनेने भारा टाकला. तिने पोराला माझ्याकडून घेतलं नाही, माझ्यासकट मिठीत घेतलं आणि आम्ही सगळेच खाली बसलो. माइम्बा उभीच होती.

"मी काय केलं?" ती विचारत होती. "हादा, मी काय केलं?"

"काही नाही केलंस."

"मग आई का रडते?"

मी सावनेला चूममध्ये पाठवलं. चूमच्या उंच खांबाला मी माझा लाल रुमाल बांधला. घरी परत ये, असा त्याचा अर्थ. म्यूसेना आला. त्याने ऐकलं, आणि चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

"कळवलं तर विचारतील, हात कुणी लावला," तो म्हणाला. "मला घेऊन जातील. कळप कोण बघणार?"

"आणि नाही कळवलं तर?" सावने म्हणाली. "उद्या दुसऱ्याचं पोर त्याला दूध पाजेल."

"मला माहीत आहे गं."

"मग बसलास काय?"

तो उठला आणि स्लेज जुंपून तळाकडे गेला. तो परत येईपर्यंत आम्ही पापाकोला मधे घेऊन बसून राहिलो. धूर करूनही डास आत येत होते. बाहेर कळप अस्वस्थ झाला होता. हरणं चालताना त्यांच्या पायांतून निघणारी ती एकसारखी टिकटिक मी जन्मभर ऐकत आले आहे, त्या आवाजावर मला झोप येते. त्या दिवशी प्रत्येक टिकटिकीला मी पापाकोचा हात घट्ट धरत होते.

पट्ट्यांची गाडी आली. तोच अधिकारी होता. तो एकटाच उंचवट्यापर्यंत गेला, थांबला, वाकून पाहिलं. परत आला तेव्हा त्याचं सोललेलं नाक सोडून सगळा चेहरा पांढरा होता. त्याने ती लहानशी टोपी पाहिली होती आणि दूधही. आता त्याने उघड्या डोक्याच्या पापाकोकडे पाहिलं.

"हात कुणी लावला?" त्याने विचारलं.

सावनेने पापाकोला स्वतःच्या मागे ओढलं.

"मी कुणाला नेणार नाही, आजीबाई. पण हे मुळात कुठे पडलं होतं ते मला कळायलाच हवं."

शाळेत शिकलेली रशियन माइम्बाला चांगली येत होती. ती पुढे झाली. "मी आणलं," ती म्हणाली. "कडेवर. तिकडून." तिने बोट दाखवलं. बोट उताराकडे होतं, जिथे आमचा कळप चरत होता. आजोबांची वाट तिथूनच वर चढते.

"तिथे आम्ही कधीच..." अधिकारी बोलता बोलता थांबला. "तिथे आणखी आहेत?"

"पुष्कळ," माइम्बा म्हणाली. "काही मातीत अर्धे आहेत. हा सगळ्यांत सुंदर होता."

म्यूसेना फास घेऊन धावला. त्याने आणि कुत्र्यांनी कळप उतारावरून नदीकडे ओढला, एका बाजूने थोडा थोडा करत. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. अधिकारीही बघत होता, ओठ चावत. काही झालं नाही. शेवटचं पाडूस खाली आलं तेव्हा सावनेने तोंडावरचा हात काढला. हातावर दातांचे व्रण उमटले होते.

सैनिकांनी आम्हाला नदीच्या अलीकडे पाठवलं आणि खेळातल्या चूमभोवती तार ओढली. मग त्यांनी ती वस्तू तिथेच उडवली. जमीन खालून ढकलल्यासारखी झाली, आणि उंचवट्यावर वाळूचं झाड उगवून कोसळलं. हरणं एकदम एका दिशेला वळली. पापाको माझ्या कडेवर होता. तो अजिबात रडला नाही. तो डोळे मोठे करून त्या धुराकडे पाहत म्हणाला,

"हादा, त्याने तोंड उघडलं."

आम्ही त्या वर्षी समुद्रापर्यंत गेलो नाही. नदीच्या काठाकाठाने मागे फिरलो. तांडा एका रांगेत, पुढच्या स्लेजच्या खुणेवर मागची स्लेज. मुलांना मी जमिनीवर उतरू दिलं नाही. वाऱ्यावाचून पाडसं मरत गेली. म्यूसेनाने त्याबद्दल कुणाजवळ एक शब्द काढला नाही. मला मात्र तो रोज विचारायचा, "आत्या, पुढच्या वर्षी?" आणि मी म्हणायचे, "आधी हे वर्ष जाऊ दे."

पहिल्यांदा मुलांना खाली उतरवलं ते खूप मागे आल्यावर, जिथे मी स्वतः लहानपणी खेळले होते तिथे. पापाको कुत्र्यांकडे पळाला. माइम्बा एकटीच बसून काटक्यांचा चूम बांधत होती. तिने दगड आणले नव्हते, म्हणून कळप नव्हता. मी शेजारी जाऊन बसले.

ती मागच्या बाजूची रेघ आखत होती. एरवी ती दिसत नाही, पण तिने काटक्या मांडून ती दिसेल अशी केली. मग ती रेघ डावीकडे वाढवली, मग उजवीकडे. काटक्या मांडत मांडत तिने दोन्ही टोकं पुढे आणली आणि चूमच्या दारासमोर एकमेकांना जुळवली.

"आणि घरातली माणसं बाहेर कुठून येणार?" मी विचारलं.

"येणार नाहीत."

"पाहुणा आला तर?"

ती शेवटची काटकी सरळ करत राहिली. मी हात पुढे केला, दारासमोरची एकच काटकी उचलण्यासाठी, वाट करून द्यावी म्हणून. माइम्बाने माझं मनगट घट्ट धरलं. तिची बोटं गार होती.

"हात लावू नकोस, हादा," ती म्हणाली.